सासूबाईंच्या चिंचपेटीतले मोती बदलू नका

आलेलं पत्र:
माझ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिला मोत्यांची फार हौस. आमच्या नेहमीच्या सराफांनी तीन सर दाखवले. एक ‘हैदराबादी’, परवडणारा. दुसरा ‘जपानी अकोया’, त्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट. तिसरा ‘साऊथ सी’, त्याचा आकडा ऐकून आमचे हे उठून दुकानाबाहेर गेले. वन्सं म्हणतात, तिन्ही कल्चरचे, म्हणजे खोटेच, कशाला पैसे घालवता? घरात सासूबाईंची एक चिंचपेटी आहे, त्यांना त्यांच्या आजीकडून आलेली. मोती पिवळट आणि वेडेवाकडे आहेत, दोन-तीन निखळलेत, ते डबीत ठेवलेत. सराफ म्हणतात, नवे पांढरे गोल मोती बसवून देतो, जुने ठेवून घेतो, घडणावळीत सूट देतो. पुतण्याचं म्हणणं, शेततळ्यात मोती पिकवू, विकत कशाला घ्यायचे! आणि मुलीनं कालपासून नवीनच काढलंय: शिंपला मारूनच मोती काढतात ना, मग मला नकोत. काय करू?
– सौ. अ. कु., चिपळूण

प्रिय अ. कु. ताई,

घाईचं उत्तर आधी. चिंचपेटी सराफांकडे ठेवून आला असाल तर आजच परत आणा. ठेवली नसेल तर ठेवू नका. नव्या सरांचं नंतर बघू. तिथे निवड चुकली तर पैसे जातील, पण चिंचपेटीतले मोती एकदा गेले की ते पुन्हा मिळायचे नाहीत.

कारण साधं आहे. गोल कल्चर्ड, म्हणजे माणसानं शिंपल्यात मुद्दाम पिकवलेले, मोती जगाच्या बाजारात येऊ लागले ते १९२०च्या सुमारास. त्याआधी घडवलेल्या दागिन्यात मोती असतील तर ते एक तर समुद्रातून पाणबुड्यांनी काढलेले नैसर्गिक, नाहीतर सरळ काचेचे. मधला प्रकार तेव्हा बाजारात नव्हताच. सासूबाईंच्या आजीचा दागिना म्हणजे त्या काळातला असण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे ज्यांना ‘बसरा मोती’ म्हणतात ते इराणच्या आखातातले. आखातातला माल मुंबईला यायचा, इथे त्याची वर्गवारी व्हायची, वेज, म्हणजे ओवायचं भोक, पाडलं जायचं आणि मग तो लंडन-पॅरिसकडे जायचा. मुंबईच्या मोतीबाजारात ‘चव’ हे स्वतंत्र माप होतं. त्यात वजनाचा वर्ग धरत, म्हणजे मोती दुप्पट वजनाचा असेल तर भाव चौपट. एवढा मोठा बाजार दाराशी असल्यावर मराठी घरांतल्या नथी, कुड्या, चिंचपेट्यांमध्ये हेच मोती आले यात नवल नाही.

तुम्हाला जे दोष वाटले, पिवळटपणा आणि ओबडधोबड आकार, त्यात मला आशा दिसते. नैसर्गिक मोती पूर्ण गोल क्वचितच असतो आणि शंभर वर्षांच्या वापरानं, घामानं तो साईच्या रंगावर जातो. मात्र हा पुरावा नव्हे. मधल्या पिढीत कुणी मोती बदलले असतील, तर तेही आता जुने दिसत असतील. डोळ्यांनी, भिंगानं, दातावर घासून नैसर्गिक आणि कल्चर्ड यांतला फरक कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही. सांगतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. खात्री होते ती एक्स-रेनं. नैसर्गिक मोत्यात केंद्रापर्यंत वाढीची वर्तुळं दिसतात, कल्चर्डमध्ये आतला मणी वेगळा उमटतो. मुंबईत जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेची प्रयोगशाळा आहे, तिथे मोत्यांची अशी तपासणी होते. डबीतले निखळलेले मोती आधी तिथे पाठवा. ते नैसर्गिक निघाले तर पुढचा खर्च करायचा की नाही ते ठरवता येईल.

बडोद्याच्या गायकवाडांच्या प्रसिद्ध सात पदरी हारातल्या मोत्यांचा दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. चिंचपेटीच्या बारीक मोत्यांना त्या हिशेबात धरू नका, त्यांचे काही लाखो रुपये येणार नाहीत. पण सराफांना एक प्रश्न जरूर विचारा: जुने मोती जर काही कामाचे नाहीत, तर ते ठेवून घेऊन वर सूट कशाला देताय? कदाचित ते खरंच तुमच्या सोयीसाठी म्हणत असतील. तरीही विचारा.

निखळलेल्या जागी तेच मोती पुन्हा बसवून घ्या. एखादा हरवला असेल तर साईच्या रंगाचा बारीक गोड्या पाण्यातला मोती लावा आणि कुठला बदलला ते चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा, म्हणजे नातीला कोडं पडणार नाही.

आता वन्संचं म्हणणं. ‘कल्चरचे म्हणजे खोटे’ हा आरोप शंभर वर्षं जुना आहे. जपानी कल्चर्ड मोती युरोपात पोचले तेव्हा लंडन आणि पॅरिसचे व्यापारी हेच ओरडत होते, कारण त्यांच्या तिजोऱ्या नैसर्गिक मोत्यांनी भरलेल्या होत्या. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा कळलं, की बाहेरचा थर तोच, तो घालणारा प्राणीही तोच. खोटा मोती वेगळा. काचेच्या किंवा शिंपल्याच्या मण्यावर चमकदार लेप दिला की झाला खोटा मोती. ‘शेल पर्ल’ या नावानं हल्ली तो सर्रास विकतात आणि नाव ऐकून लोक फसतात. कल्चर्ड मोती जिवंत शिंपल्याच्या पोटात वाढतो. माणूस फक्त सुरुवात करून देतो. तुम्ही चिपळूणच्या, म्हणून विचारते: हापूसचं झाड कलम बांधून वाढवलं म्हणून आंबा खोटा ठरतो का?

आणि ते कलमच असतं, शब्दशः. पुष्कळांना वाटतं, शिंपल्यात वाळूचा कण टाकला की मोती तयार होतो. वाळूनं काही होत नाही, ती शिंपला बाहेर टाकतो. शिंपल्याच्या अंगाला आतून एक मऊ पडदा असतो, कवच तयार करणारा. त्या पडद्याच्या पेशी जागा सोडून शरीरात भलतीकडे शिरल्या, तर तिथेही त्या आपलं काम सुरू ठेवतात आणि मोत्याचा थर घालत बसतात. हे ज्यांना कळलं त्यांनी गोल मोती पिकवला.

नाव सगळीकडे कोकिची मिकिमोतो यांचं होतं. उडोन शेवयांच्या दुकानदाराचा हा मुलगा. जपानच्या मिए प्रांतात, तोबाच्या किनाऱ्यावर १८९३ साली त्यांनी शिंपल्याच्या कवचाला चिकटलेला अर्धगोल मोती मिळवला आणि १८९६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. धंदा उभा केला, जगभर दुकानं काढली, मान त्यांनाच. पण पूर्ण गोल मोत्याची जी रीत आज जगभर चालते, ती मुख्यतः तात्सुहेइ मीसे आणि तोकिची निशिकावा या दोघांच्या नावावर आहे. एक सुतार, दुसरा जीवशास्त्रज्ञ आणि मिकिमोतोंचा जावई. सुताराच्या हाताचं कौशल्य इथे का लागलं, ते पुढची कृती वाचून कळेल.

अकोया हा तळहातावर मावणारा शिंपला. दोन-तीन वर्षं वाढवल्यावर तो कामाला तयार होतो. शस्त्रक्रियेआधी त्याला मुद्दाम दाटीवाटीत, कमी खाद्यावर ठेवतात, म्हणजे तो मलूल होतो आणि धक्क्यानं मरत नाही. मग दोन कवचांमध्ये पाचर घालून जेमतेम बोटभर फट उघडतात. जास्त उघडलं तर स्नायू फाटून शिंपला संपतो. त्या फटीतून बारीक हत्यारानं प्रजनन ग्रंथीत एक छेद द्यायचा, त्यात गोल मणी सरकवायचा आणि दुसऱ्या एका शिंपल्याच्या पडद्याचा दोन-तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा त्या मण्याला नेमका चिकटेल असा ठेवायचा. तुकडा सुटा राहिला तर गोल मोती मिळत नाही. नीट चिकटला तर त्याच्या पेशी वाढत वाढत मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि ती पिशवी थर घालू लागते. ज्या शिंपल्याचा तुकडा घेतला तो अर्थातच मरतो. त्याचा रंग आणि चमक मोत्यात उतरते, म्हणून दाता शिंपला निवडून घेतात.

मजा त्या मण्यात आहे. जपानी मोत्याच्या पोटातला मणी वर्षानुवर्षं अमेरिकेतून येत आला आहे. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांची कवचं जाड आणि पांढरी, ती कापून, घासून गोल मणी करतात. वेज पाडताना तडकत नाहीत, मोत्याच्या थराशी त्यांचं जमतं.

पुढचं काम म्हणजे राखण. शिंपले जाळ्यांत घालून तराफ्यांखाली लोंबकळत ठेवतात. मिएमधल्या आगो उपसागरातले तराफे बाहेरच्या लोकांना छायाचित्रांमुळे माहीत असतात, पण एहिमे आणि नागासाकी हेही मोठे उत्पादक प्रांत आहेत. कवचावर बार्नॅकल, शेवाळ, किडे बसतात, ते पुन्हा पुन्हा खरवडावे लागतात, नाहीतर शिंपल्याला खायला मिळत नाही. वादळ येणार असेल तर तराफे हलवायचे. समुद्रात लाल शेवाळ माजलं की शिंपले घुसमटून मरतात. १९९०च्या दशकात जपानमध्ये एका रोगानं अकोया शिंपले इतके मेले, की उत्पादनाची जुनी पातळी परत आलीच नाही. अकोयाचा भाव तुम्हाला चढा वाटला, त्यात या मरणाचाही वाटा आहे.

काढणी हिवाळ्यात करतात. पाणी गार झालं की शिंपला थर घालण्याची गती कमी करतो, शेवटचे थर बारीक आणि घट्ट बसतात आणि मोत्याचं पाणी, म्हणजे चमक, त्यामुळे खुलतं. हा थर म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या अरॅगोनाइट नावाच्या खनिजाच्या पापुद्र्यांची चळत, एकेक पापुद्रा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, मध्ये सेंद्रिय गोंद. प्रकाश पृष्ठभागावरून आणि या पापुद्र्यांमधून परततो, म्हणून चांगल्या मोत्याची चमक आतून येते असं वाटतं. लेप दिलेल्या मण्याची चमक वरच्यावर असते.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न किमतीचा आहे. आता तो समजणं सोपं जाईल.

सात मिलिमीटरचा अकोया मोती घ्या. त्याचा थर ०.४ मिलिमीटर असेल तर आतला मणी ६.२ मिलिमीटरचा झाला. आकारमानाचा हिशेब केला तर मोत्याचा सुमारे ७० टक्के भाग अमेरिकन शिंपला आणि ३० टक्के जपानी मोती. थर आणखी पातळ असेल तर दिवाळखोरीच. अशा मोत्यांचा थर काही वर्षांत उडतो, कडेनं, वेजाच्या तोंडाशी पापुद्रा सुटतो. म्हणजे मोठा मोती पाहून भुलू नका. मोठा मणी घालून आणि लवकर काढणी करून कुणीही मोठा मोती करू शकतो. मोत्याला समुद्रात किती काळ ठेवला, तो तुम्ही विकत घेत असता.

आणि तो काळ फुकट नसतो. शेतकऱ्यानं शिंपला आणखी एक वर्ष पाण्यात ठेवला तर थर जाड होईल, पण तेवढ्यात शिंपला मरू शकतो, मोत्यावर डाग, खड्डा येऊ शकतो, गोल आकार बिघडू शकतो. लवकर काढला तर माल गोल आणि पुष्कळ, पण पातळ. ज्यानं थांबायचा धोका पत्करला आणि ज्याचं नशीब उभं राहिलं, त्याच्या मोत्याला भाव. माझ्या मते मोत्याची किंमत समजून घ्यायला एवढं एक सूत्र पुरतं.

साऊथ सीचा आकडा याच सूत्रानं उलगडतो. त्याचा शिंपला वेगळाच, पिंक्टाडा मॅक्सिमा, जेवणाच्या ताटाएवढा वाढणारा. ऑस्ट्रेलियात ब्रूमच्या किनाऱ्याला, इंडोनेशियात, फिलिपिन्सच्या पलावान बेटाजवळ त्याची शेती होते. मोती दोन वर्षांच्या आसपास पाण्यात राहतो, थर अनेकदा दोन मिलिमीटरपर्यंत जातो आणि एका वेळी शिंपल्यामागे एकच मोती. दहा मिलिमीटरच्या पुढचे मोती इथे नेहमीचे, अकोयात ते अपवाद. रंग पांढरा, चंदेरी किंवा सोनेरी. चमक मात्र अकोयासारखी आरशी नसते, मऊ असते. काहींना ती जास्त आवडते, मला लग्नाच्या लखलखाटात ती हरवल्यासारखी वाटते. ताहितीचा काळा मोती काळ्या ओठाच्या शिंपल्यातून येतो, फ्रेंच पॉलिनेशियातून. तिथल्या सरकारनं निर्यातीसाठी किमान ०.८ मिलिमीटर थराची अट बरीच वर्षं ठेवली होती. त्यावरून थराचं महत्त्व लक्षात येईल.

मग हैदराबादी? हैदराबादला मोती पिकत नाही, समुद्रच नाही. तिथे निजामाच्या काळापासून मोती वेजायची आणि विकायची परंपरा आहे. आज त्या नावानं जे विकलं जातं ते बहुतांश चीनमधलं, झेजियांग प्रांतातल्या झूजीसारख्या बाजारांतून आलेलं गोड्या पाण्यातलं पीक. गंमत अशी, की या मोत्यांत बहुतेकदा मणीच नसतो. फक्त पडद्याचा तुकडा घालतात, मोती जवळजवळ पूर्ण थराचाच असतो. सूत्राप्रमाणे हा महाग हवा! पण एका शिंपल्यात ३०-४० मोती एकाच वेळी पिकतात, धोका विभागला जातो, आणि मणी नसल्यानं आकार गोल येणं अवघड. पुरवठा प्रचंड, म्हणून स्वस्त. स्वस्त आहे म्हणून हलका समजू नका. रोज वापरायला, बारीक मोत्यांच्या दागिन्याला तो टिकाऊ आहे.

राहिला जुळणीचा खर्च. सोळा-अठरा इंची सरात सात-साडेसात मिलिमीटरचे पन्नास-साठ मोती लागतात. त्यांचा आकार, रंग, अंगावरची गुलाबी किंवा हिरवट झाक, चमक, सगळं जुळलं पाहिजे, आणि निसर्ग दोन मोतीही सारखे देत नाही. जपानमध्ये कोबे शहर या वर्गवारीसाठी आणि जुळणीसाठी प्रसिद्ध आहे. उत्तर दिशेच्या उजेडात बसून हजारोंच्या राशीतून एकेक सर लावतात. झवेरी बाजारात मीही मोती निवडायला बसले आहे आणि एवढं सांगू शकते, की दुपारनंतर डोळे खोटं सांगायला लागतात. सुटे मोती आणि सर यांच्या किमतीत तफावत असते, ती याची.

दुकानात काय बघायचं ते सांगते. दागिन्यांच्या दुकानातले पिवळे दिवे मोत्याला फितूर असतात. सर घेऊन दाराशी या, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या रुमालावर ठेवा. मोत्यात तुमच्या तोंडाची, खिडकीच्या चौकटीची रेष स्पष्ट दिसते का? कडा धुरकट दिसल्या तर पाणी कमी. मग सर रुमालावर हळूच लोळवा, डुगडुगला तर मोती गोल नाहीत किंवा वेज मधोमध नाही. एक मोती उजेडापुढे फिरवा. फिरताना गडद-फिके पट्टे डोळा मिचकावल्यासारखे दिसले तर थर इतका पातळ आहे की आतल्या मण्याचे पट्टे दिसतायत. नका घेऊ. वेजाच्या तोंडाशी भिंग लावलं तर मणी आणि थर यांच्यामधली रेघ दिसते, त्यावरून जाडीचा अंदाज येतो. एखादा बारीक डाग असू द्या, जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही आणि किंमत उतरते. पाणी आणि थर यांत मात्र तडजोड नको.

दातावर हळूच घासल्यावर खरखरला तर तो लेपाचा नाही, एवढंच कळतं. नैसर्गिक की कल्चर्ड ते नाही. आगीत धरून बघू का, असं विचारणारी पत्रंही मला येतात. मोती जळतो हो, खरा असला तरी.

‘ट्रिपल ए’ वगैरे दर्जा ऐकून हुरळू नका. हिऱ्यासारखी सगळ्यांनी मानलेली एकच श्रेणी मोत्याला नाही, प्रत्येक विक्रेत्याची ‘ए’ वेगळी. अकोयाच्या वरच्या मालाला ‘हानादामा’ म्हणतात, त्यासाठी जपानी प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळतं. ते असेल तर कागद मागा, तोंडी ‘हानादामा’ला अर्थ नाही. रंगाबद्दलही विचारा. पांढरा अकोया जवळजवळ नेहमी ब्लीच केलेला असतो, गुलाबी झाक अनेकदा दिलेली असते. बाजाराची ती रीत आहे, तीत फसवणूक नाही. पण सोनेरी साऊथ सी रंगवलेला असेल आणि नैसर्गिक म्हणून विकला तर ती फसवणूक.

बिलात हे सगळं उतरलं पाहिजे: कल्चर्ड, खाऱ्या पाण्यातला की गोड्या, जात, मिलिमीटर, रंग नैसर्गिक की दिलेला. आणि दागिना सोन्यात असेल तर सोन्याचं निव्वळ वजन मोत्यांपासून वेगळं लिहून घ्या. हॉलमार्क सोन्याचा असतो, मोत्याचा नाही. मोती सोन्याच्या भावानं वजनात मोजलेले मी पाहिले आहेत. सराफ बिलात हे लिहायला तयार नसतील तर दुसरीकडे जा. बिल हातात असताना माल वेगळा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

वन्संच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, ती मान्य करा. मोडीला कल्चर्ड मोत्याचे पैसे येत नाहीत. सोनं तोललं जाईल, मोती बहुतेकदा बाजूला काढून ठेवतील. मोत्यात पैसे गुंतवण्याचा काय भरवसा असतो, त्याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. १९१७ साली कार्तिए या पेढीनं फिफ्थ अव्हेन्यूवरची एक हवेली मिळवली, ती नैसर्गिक मोत्यांच्या दोन पदरी हाराच्या बदल्यात. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. मधल्या काळात जपानी मोती आले, मंदी आली, आणि १९५७ मध्ये त्या हाराला लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास मिळाले. इमारत अजून कार्तिएकडे आहे. तेव्हा मुलीला सर घ्यायचा तर घालायला घ्या, गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर सोनंच घ्या.

माझी निवड सांगू? लग्नात तन्मणी हवा असेल तर त्याचे पदर गोड्या पाण्यातल्या बारीक मोत्यांचे करा, खर्च खोडावर, म्हणजे मधल्या पदकावर, करा. सात मिलिमीटरचे अकोया तन्मण्याला शोभत नाहीत, त्याचा घाटच बारीक पदरांचा. नथीलाही तसेच बारीक. एकच सर असा हवा जो लग्नानंतर ऑफिसात, साडीवर, कुर्त्यावर चालेल, तर अकोया घ्या, साडेसहा ते सात मिलिमीटर, उत्तम पाण्याचा, डाग एखाद-दुसरा चालेल. साऊथ सीचा पूर्ण सर सोडून द्या. त्याचे दोन मोती कानात घेतले तर यजमान दुकानात परत येतील.

जपणूक थोडक्यात. मोती मऊ असतो, नखाहून कठीण पण धूळ-वाळूहून मऊ. अत्तर, हेअर स्प्रे, मेकअप सगळं झाल्यावर घालायचा, घरी आल्यावर आधी काढायचा, मऊ कापडानं पुसायचा. चिंचेच्या पाण्यात, लिंबात कधीही नाही, आम्ल थर खातं. सोन्याबरोबर रिठ्यात बुडवू नका, दोरा कुजतो. पटवेकऱ्याकडून रेशमात, प्रत्येक मोत्यामागे गाठ घालून गाठवून घ्या. सर तुटला तर एकच मोती घरंगळेल.

पुतण्याला सांगा, खाऱ्या पाण्यातला मोती शेततळ्यात पिकत नाही. आपल्याकडे तुतिकोरीनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत डॉ. के. अलगरस्वामी यांनी १९७३ साली समुद्री शिंपल्यात गोल मोती पिकवून दाखवला, तरी जपानसारखा उद्योग इथे उभा राहिला नाही. शेततळ्यात गोड्या पाण्यातले ‘डिझायनर’ मोती करता येतात, गणपती वगैरेंच्या आकाराचे. ते शिकायचं तर भुवनेश्वरच्या सरकारी गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेकडे प्रशिक्षण आहे. ‘शिंपले आमच्याकडून घ्या, मोती आम्हीच विकत घेऊ’ असं म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

मुलीचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण त्याचं उत्तर तिला आवडणार नाही आणि ते मला गुळगुळीत करायचं नाही. हो, शिंपला मरतो. अकोया काढणीच्या वेळी मारलाच जातो. त्याचा स्नायू मिएमध्ये खातात, कवच जडावाच्या कामाला जातं. साऊथ सी आणि ताहितीच्या शिंपल्यात चांगला मोती निघाला तर पुन्हा मणी घालून दुसऱ्या, कधी तिसऱ्या पिकासाठी पाण्यात सोडतात, शेवट मात्र तोच. गोड्या पाण्यात एका शिंपल्यामागे अनेक मोती, म्हणून मोजदादीनं हिंसा कमी. सासूबाईंच्या आजीच्या वेळचे नैसर्गिक मोती यात सगळ्यात निष्पाप वाटतात, पण आखातात एका चांगल्या मोत्यासाठी ढिगानं शिंपले फोडत, आणि ते काढताना माणसंही मरत.

हे ऐकूनही ती नको म्हणाली तर आग्रह करू नका. लग्नात मोत्यांशिवायही भरपूर दागिने असतात. आणि ‘नवा शिंपला नको, पण जे आधीच घरात आहे ते चालेल’ असं म्हणाली, तर तिला चिंचपेटी द्या. फक्त आधी मुंबईच्या प्रयोगशाळेत फोन करून डबीतल्या मोत्यांची तपासणी लग्नाआधी होईल का ते विचारा, मार्गशीर्षाला फार दिवस नाहीत.